ठाण्याहून स्टुटगार्टला: भाड्याचे घर निघण्यापूर्वी ठरवावे की तिथे पोहोचून शोधावे?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. मला स्टुटगार्ट येथे नोकरी मिळाली असून व्हिसाचे काम आटोपताच मी, माझे पती आणि सहा वर्षांची मुलगी असे तिघेजण तिकडे राहायला जाणार आहोत. कार्यालय शहराच्या फॉयरबाख भागात आहे. पहिल्या महिन्यापुरती राहण्याची सोय कंपनी करून देणार आहे. त्यापुढचे घर मात्र आमचे आम्हालाच शोधायचे आहे.

भाड्याच्या घरांचा आमचा सारा अनुभव ठाण्याचा. स्वतःचा फ्लॅट घेण्यापूर्वी आम्ही माजिवडा आणि कासारवडवली अशा दोन्ही ठिकाणी भाड्याने राहिलो आहोत. दलालाला फोन करावा, सुट्टीच्या दिवशी त्याच्यासोबत फिरून घरे पाहावीत, पसंत पडलेल्या घराला टोकन द्यावे, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा, सोसायटीची एनओसी आणि पोलीस पडताळणी उरकावी आणि सामानाचा टेम्पो बोलवावा, एवढीच ती रीत. जर्मनीतील जाहिराती वाचू लागल्यापासून मात्र या अनुभवाचा काडीचाही उपयोग नाही, असे वाटू लागले आहे. एकाच घराची दोन भाडी लिहिलेली असतात. स्वयंपाकघरात ओटा आणि शेगडी असणे ही विशेष सोय म्हणून नमूद केलेली असते. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘शूफा’ नावाचे प्रमाणपत्र मागितलेले असते. ज्या देशात मी अजून पाऊलही ठेवलेले नाही, तिथल्या माझ्या कर्जफेडीचा दाखला मला कोण देणार?

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, मूल बरोबर असताना घर पक्के केल्याशिवाय विमानात बसू नये. माझ्या पतींना न पाहिलेल्या घराच्या करारावर सही करणे मुळीच मान्य नाही. दोन्ही बाजू मला पटतात आणि म्हणूनच निर्णय होत नाही. घर इथून ठरवावे की तिथे जाऊन, सुरुवातीला किती रक्कम हाताशी ठेवावी आणि ठाण्यातून कोणती कागदपत्रे तयार करून न्यावीत, हे तिथे राहिलेल्या मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ऐरोलीकर

ताई, आम्ही काही वर्षे स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात राहून आता ऐरोलीला परतलो आहोत. तुमच्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे: दीर्घकाळाचे घर ठाण्यात बसून ठरवू नका, पण पहिल्या तीन-चार महिन्यांचे तात्पुरते, सामानासह मिळणारे घर मात्र ठाण्यातूनच पक्के करा. कंपनी देणारा एक महिना त्या शहरात अपुरा पडतो.

दुरून घर मिळणे अवघड का, याचे कारण तिथल्या कायद्यात आहे. आपल्याकडचा मालक अकरा महिन्यांसाठी घर देतो आणि भाडेकरू नकोसा झाला तर मुदत संपल्यावर करार वाढवत नाही. जर्मनीतील सर्वसाधारण करार बेमुदत असतो. भाडेकरू तीन महिन्यांची सूचना देऊन जाऊ शकतो; मालकाला मात्र त्याला काढायचे असल्यास कायद्याला मान्य असलेले कारण दाखवावे लागते, उदाहरणार्थ स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला राहण्यासाठी ते घर हवे असणे, आणि भाडेकरू जसजसा जुना होतो तसतशी मालकाने द्यायच्या सूचनेची मुदत वाढत जाऊन नऊ महिन्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे एकदा दिलेले घर कदाचित पंधरा वर्षे परत हातात येणार नाही, हे तो धरूनच चालतो आणि लेकीसाठी स्थळ पाहावे तशा चिकित्सेने भाडेकरू निवडतो. समोर बसून बोललेला, नोकरी पक्की असलेला, जमल्यास मोडके का होईना जर्मन बोलणारा उमेदवार आणि ठाण्याहून ई-मेल पाठवणारा उमेदवार यांत तो कोणाला घर देईल, हे सांगायला नको. अर्जावरचे परके नाव पाहून उत्तरच न देणारेही असतात. भेदभावाविरुद्ध कायदा असला तरी ज्या पत्राला उत्तरच आले नाही त्याबद्दल दाद कुठे मागणार? अर्ज जर्मन भाषेत, मोजक्या वाक्यांत, कुटुंबात कोण कोण आहे आणि नोकरी कोणती हे सांगणारा असावा, इतके आपल्या हातात असते.

आता तात्पुरते घर घेताना काय पाहायचे ते सांगतो. भाड्याच्या आकड्याआधी तिथे पत्त्याची नोंदणी करता येते का, हे लेखी विचारा. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याने सही करून दिलेला दाखला लागतो, ज्याचे नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असे लांबलचक आहे. हॉटेले आणि सुट्टीसाठी दिली जाणारी घरे हा दाखला बहुधा देत नाहीत. महिन्याच्या बोलीवर सामानासह घरे देणारे बरेचजण देतात. हा एक कागद अडला की पुढचे सगळे अडते. नोंदणी झाल्यावरच 11 अंकी करओळख क्रमांक टपालाने येतो. तो वेळेत मिळाला नाही तर पगारातून सर्वांत जड अशा सहाव्या करवर्गाने कपात होऊ शकते, आणि ती रक्कम नंतर परत मिळत असली तरी सुरुवातीच्या खर्चाच्या महिन्यांत तिची उणीव फार जाणवते. बँकेतले खाते, निवास परवाना आणि पुढे जाऊन तुमचा तो शूफाचा इतिहास, या सर्वांची सुरुवात याच नोंदणीपासून होते. म्हणून कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला आजच विचारा की पहिल्या महिन्याच्या निवासात हा दाखला मिळणार आहे की नाही.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाला सुचत नाही. तिथल्या इमारतींत बहुधा फ्लॅट क्रमांक नसतो आणि पोस्टमन टपालपेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. तात्पुरत्या घरात पोहोचल्याबरोबर पेटीवर आणि घंटेच्या बटणाशेजारी आपले आडनाव लावून घ्या; नाहीतर करओळख क्रमांकाचे पत्र परत जाईल आणि तुम्ही वाट पाहत बसाल.

दोन भाड्यांचे कोडे सोपे आहे. काल्टमीटे म्हणजे केवळ जागेचे भाडे. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा आणि हीटिंग यांचा मासिक आगाऊ हप्ता मिळवला की वार्ममीटे होते. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहूनही वेगळे. हा हप्ता अंदाजाचा असतो. वर्षाअखेरीचा हिशेब मालकाने बारा महिन्यांच्या आत द्यायचा असतो आणि त्यात जास्त वापर निघाला तर फरक भरावा लागतो. हीटिंगच्या खर्चाचा किमान अर्धा भाग प्रत्येक घराच्या प्रत्यक्ष वापरानुसार वाटला जातो, त्यामुळे घरात जानेवारीतही ठाण्याचा उन्हाळा राखायचा असेल तर त्याचे बिल तुमच्याच नावावर येते.

रकमेचा अंदाज असा बांधा. समजा काल्टमीटे 1,100 युरो आणि वरचा हप्ता 300 युरो आहे. अनामत रक्कम कायद्याने काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, म्हणजे येथे कमाल 3,300 युरो, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेपट्टा सुरू होताना द्यायचा असतो, त्याआधी नाही. म्हणजे पहिल्या महिन्यात 1,400 अधिक 1,100, असे 2,500 युरो. मालकाने ही अनामत स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याज मिळेल अशी ठेवायची असते. दलालीचा प्रश्न बहुतेक निकालात निघाला आहे, कारण 1 जून 2015 पासून भाड्याच्या घराबाबत ज्याने दलाल नेमला त्यानेच पैसे द्यायचे असा नियम आहे. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी दलाली घेण्याची जी रीत आहे, ती तिथे चालत नाही. स्वयंपाकघर नसलेले घर मिळाले तर खर्च आणखी काही हजार युरोंनी वाढू शकतो, हेही धरून चाला.

शूफाबद्दल घाबरू नका. नवागताकडे ती नसणार हे मालकांना माहीत असते. नोकरीचा करार, कंपनीचे पगार नमूद केलेले पत्र, निवास परवाना किंवा व्हिसा आणि पहिल्या पगाराची पावती आल्यावर ती, एवढे एकाच पीडीएफमध्ये नीट लावून ठेवा. मासिक वार्ममीटे हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावी, अशी मालकांची सर्वसाधारण अपेक्षा असते. ठाण्यातून न्यायचे म्हणाल तर विवाह नोंदणीचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला, आणि त्यांचे अधिकृत जर्मन भाषांतर, हे घरासाठी नसले तरी कुटुंबाच्या नोंदणीच्या वेळी मागितले जाऊ शकतात. पूर्वीच्या घरमालकाने भाडे थकवले नसल्याचे पत्र दिले तर इंग्रजीत घेऊन ठेवा. फार वजन पडेल असे नाही, पण नसल्यापेक्षा बरे.

वाशी सेक्टर 17

वरील उत्तरात एक धोका राहून गेला आहे. माझा भाचा म्युनिकला जाण्यापूर्वी इथूनच घर शोधत होता. शहराच्या मध्यभागी, सामानासह, बाजारापेक्षा बरेच स्वस्त घर त्याला एका संकेतस्थळावर दिसले. मालक म्हणे कामानिमित्त दुसऱ्या देशात होता; अनामत आणि पहिले भाडे पाठवल्यावर किल्ली कुरियरने येणार होती, आणि विश्वास बसावा म्हणून त्याने स्वतःच्या पारपत्राचे छायाचित्रही पाठवले होते. त्या छायाचित्रातला माणूसही बहुधा असाच कोणी फसवला गेलेला असणार. सुदैवाने पैसे पाठवण्याआधी भाच्याच्या कार्यालयातील एका जर्मन सहकाऱ्याने त्याला थांबवले.

करारावर सह्या होण्यापूर्वी आणि तुम्ही अथवा तुमच्या विश्वासातल्या कोणी घर आतून पाहण्यापूर्वी एक युरोही पाठवू नये. घर दाखवण्यासाठी शुल्क मागणाऱ्यालाही देऊ नये. पारपत्राची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे की ही प्रत अमुक घराच्या अर्जापुरती आहे, आणि खाली तारीख घालावी. केवळ चौकशीच्या टप्प्यावर पगाराच्या पावत्या मागणाऱ्यालाही सांगता येते की कागदपत्रे घर पाहिल्यानंतर देऊ.

नेरूळची आई

ऐरोलीकरांचे ‘आधी तात्पुरते, मग कायमचे’ हे सूत्र एकट्या माणसासाठी किंवा जोडप्यासाठी उत्तम आहे. सहा वर्षांचे मूल बरोबर असेल तर मात्र ते जसेच्या तसे घेऊ नये, असे मला वाटते.

स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, तिथे सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावर ठरते. प्रत्येक शाळेचे क्षेत्र आखलेले असते आणि तुमचे घर ज्या क्षेत्रात, ती तुमची शाळा. ठाण्यात आपण घोडबंदरला राहून मुलाला बसने पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवतो, तशी मुभा तिथे सहज मिळत नाही. सहा वर्षे झालेल्या मुलाला शाळेत घालणे सक्तीचे आहे. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत पूर्वतयारीचे वर्ग असतात, पण ते प्रत्येक शाळेत नसतात. आता विचार करा की, तात्पुरते घर शहराच्या दक्षिणेला घेतले, मुलीचे नाव तिथल्या शाळेत घातले, तिला एखादी मैत्रीण मिळाली आणि चार महिन्यांनी कायमचे घर उत्तरेला मिळाले, तर तिला पुन्हा नवी शाळा, नव्या बाई आणि तीच अनोळखी भाषा. मोठ्यांना घर बदलण्याचा त्रास सामानापुरता असतो. माझ्या मुलीने अशीच शाळा बदलल्यावर बराच काळ वर्गात तोंड उघडले नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की, घर नाही तरी भाग मात्र ठाण्यातूनच ठरवा आणि तात्पुरते घरही त्याच भागात घ्या. तुमचे कार्यालय फॉयरबाखला आहे, हे त्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण तिथे एस 4, एस 5 आणि एस 6 या तीनही लोकल गाड्या थांबतात. एस 4 आणि एस 5 वर कोर्नवेस्टहाइम आणि लुडविग्सबुर्ग येतात. एस 6 वर वाइलिमडोर्फ, डिट्सिंगेन आणि लेओनबेर्ग. शहराच्या मध्यातून जावे न लागता ही सर्व ठिकाणे थेट जोडलेली आहेत, हा फार मोठा फायदा आहे. स्टुटगार्ट 21 या नव्या भूमिगत स्थानकाच्या कामामुळे मध्यवर्ती मार्ग वेळोवेळी बंद ठेवले जातात आणि मग पर्यायी बसने जावे लागते. यांपैकी एक-दोन गावे निवडा, तिथल्या शाळांना ई-मेल करून पूर्वतयारीचा वर्ग आहे का ते विचारा आणि मगच घराच्या जाहिराती पाहा.

नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका, हेही सांगते. स्टुटगार्टचे मध्यवर्ती शहर चहूबाजूंनी टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसले आहे. स्थानकापासून अर्धा किलोमीटर दिसणारे घर प्रत्यक्षात शेकडो दगडी पायऱ्या चढून गाठावे लागते, आणि जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. छपराखालच्या मजल्यावरचे घर फोटोत देखणे दिसते; जुलैत तिथे पंखाही नसतो.

घोडबंदरकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाळेचे क्षेत्र हा मुद्दा आमच्या ध्यानीमनीही नव्हता. आजच कोर्नवेस्टहाइम आणि डिट्सिंगेन येथील शाळांना पत्रे पाठवली आहेत.

दरम्यान एक नवीनच पेच उभा राहिला आहे. कोर्नवेस्टहाइममध्ये घरे भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आमच्या अर्जाला उत्तर दिले आहे. घर तीन खोल्यांचे, 78 चौरस मीटरचे. काल्टमीटे 1,150 युरो, त्यावर 320 युरोंचा हप्ता आणि अनामत 3,450 युरो. घर त्यांनी व्हिडिओवर दाखवले, स्वच्छ आणि उजेडाचे वाटले. स्वयंपाकघर पूर्ण रिकामे आहे. करारात दोन गोष्टी अशा आहेत ज्या आम्हाला नीट कळल्या नाहीत: भाडे ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेले आहे, आणि पहिली दोन वर्षे दोन्ही बाजूंनी करार संपवण्याचा हक्क सोडून दिलेला आहे. चालू आठवड्यात सही करून पाठवा, असे ते म्हणतात. वडीलधारी मंडळी अर्थातच खूश आहेत. सही करावी का?

पाचपाखाडी ते ब्योब्लिंगेन

मी मूळची पाचपाखाडीची, सध्या ब्योब्लिंगेनला राहते. तुम्हाला दुरून घर मिळते आहे ही गोष्ट साधी नाही, म्हणून ते लगेच सोडा असे मी म्हणणार नाही.

प्रथम तुमच्या बाजूने असलेला एक नियम. घर देणारा व्यावसायिक असेल, करार दुरून, म्हणजे टपालाने किंवा ई-मेलने झाला असेल आणि भाडेकरूने सहीपूर्वी घर प्रत्यक्ष पाहिलेले नसेल, तर त्याला 14 दिवसांत करार मागे घेण्याचा हक्क असतो. घर एखाद्या खाजगी व्यक्तीचे असते तर हा हक्क मिळाला नसता. करारासोबत या हक्काची सूचना जोडलेली आहे का ते पाहा. कंपनी मोठी आहे, तर ती असायला हवी. व्हिडिओवर पाहणे म्हणजे ‘पाहणे’ होते का, यावर कोणी वाद घालू शकेल. म्हणून या हक्काच्या भरवशावर सही करून टाकू नका, तो मागचा दरवाजा समजा.

तीन खोल्या म्हणजे आपला टू बीएचके: एक दिवाणखाना आणि दोन झोपण्याच्या खोल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत येत नाही. 78 चौरस मीटर म्हणजे सुमारे 840 चौरस फूट, आणि हे मोजमाप आतल्या वापराच्या जागेचे असते; घोडबंदर रोडवर सुपर बिल्टअपचे आकडे ऐकायची सवय असलेल्यांना ते घर आकड्यापेक्षा मोठे वाटते. बाल्कनी बहुधा एक चतुर्थांशच धरतात आणि उतरत्या छपराखाली जिथे उंची एक मीटरहून कमी असते ती जागा मुळीच धरत नाहीत.

निर्देशांकाच्या अटीला भिऊ नका, पण ती समजून घ्या. साध्या करारात भाडे वाढवताना मालकाला त्या भागातील तुलनात्मक भाड्याचा आधार दाखवावा लागतो आणि तीन वर्षांत 20 टक्क्यांहून, घरांची टंचाई जाहीर झालेल्या गावांत 15 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. निर्देशांकाच्या करारात ही कमाल मर्यादा नसते. महागाई जितकी वाढेल तितके भाडे, मात्र दोन वाढींमध्ये किमान एक वर्ष जावे लागते. महागाई शांत असते तेव्हा हा करार बरा पडतो. 2022 साली ज्यांनी तो केलेला होता, त्यांना विचारा म्हणजे दुसरी बाजू कळेल.

खरी अडचण दोन वर्षांच्या अटीची आहे. असा हक्कत्याग सहीच्या दिवसापासून जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत कायदेशीर मानला जातो, तेव्हा दोन वर्षांची अट वैध आहे. आपल्या लोकांत अशी एक समजूत आहे की तीन पर्यायी भाडेकरू आणून दिले की मालकाला सोडावेच लागते. तिला कायद्याचा सर्वसाधारण आधार नाही. मालक ऐकेल, न ऐकेल.

रिकाम्या स्वयंपाकघराचे गणितही मांडा. सिंक, ओटा, कपाटे, शेगडी, ओव्हन, धूर ओढणारा पंखा, सगळे तुमचे तुम्ही बसवायचे, आणि मागणी नोंदवल्यापासून ते बसेपर्यंत काही आठवडे जातात. निघताना ते सोबत न्यायचे किंवा पुढच्या भाडेकरूला विकायचे. म्हणूनच जाहिरातीत बसवलेले स्वयंपाकघर, म्हणजे आइनबाउक्युशे, असे मिरवलेले असते. आधीचा भाडेकरू आपले सामान ठेवून जाणार असेल तर त्याला ठरावीक रक्कम देऊन ते घेता येते. त्याआधी यादी आणि फोटो मागवा. धूर ओढणारा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून पुन्हा घरातच सोडतो, हे जरूर विचारा. दुसऱ्या प्रकारात रोजच्या फोडणीचा वास पडद्यांत राहतो, आणि घर सोडताना त्यावरून कुरबूर ऐकावी लागते.

आणखी एक खास या भागाची गोष्ट: केरवोखे. इमारतीतील भाडेकरू आळीपाळीने जिना झाडतात-पुसतात; मोठी पाळी आली की अंगण, कचऱ्याची जागा आणि हिवाळ्यात पदपथावरचा बर्फही. पाळी आली की दारावर पाटी लटकते. करारासोबतच्या गृहनियमांत हे लिहिलेले असते. पैसे देऊन सफाई करून घेणाऱ्या इमारतीही आता बऱ्याच आहेत. तुमच्या 320 युरोंत ती धरली आहे का, एवढे विचारून घ्या. शेजाऱ्यांशी तुमचे संबंध पहिल्या महिन्यात कसे राहतील, हे या जिन्यावरच ठरते, असे माझे अनुभवाचे मत.

ऐरोलीकर

शाळेबाबत नेरूळच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. तात्पुरते घरही त्याच गावात पाहा.

पण या करारावर तुम्ही आज सही करू नये, असे मी ठामपणे म्हणेन, आणि त्याचे कारण घरात नसून नोकरीत आहे. जर्मनीतील नोकरीच्या करारात बहुधा सहा महिन्यांपर्यंतचा परिवीक्षा काळ असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर कोणतीही बाजू करार संपवू शकते. म्हणजे तुमचे उत्पन्न दोन आठवड्यांच्या बोलीवर आणि तुमचे भाडे दोन वर्षांच्या बोलीवर. नोकरी उत्तम चालेल, अशीच सदिच्छा आहे. तरीही दुसऱ्या शहरात बदली झाली किंवा मुलीला हवामान मानवले नाही, तर दरमहा 1,470 युरोंचे ओझे सोडवता येणार नाही.

कंपनीला एक सभ्य पत्र लिहा: घर आवडले आहे, अट दोन वर्षांऐवजी एका वर्षाची करावी किंवा परिवीक्षा काळात नोकरी गेल्यास ती लागू होऊ नये, शिवाय प्रत्यक्ष पाहणीसाठी आम्ही पोहोचेपर्यंत घर राखून ठेवावे. मोठ्या कंपन्या छापील मसुदा सहसा बदलत नाहीत, पण विचारण्याने काही बिघडत नाही. त्यांनी नकार दिला तर सोडून द्या.

सही केव्हाही केली तरी दोन गोष्टी विसरू नका. ताबा घेताना खोलीगणिक स्थितीची नोंद असलेला कागद दोघांच्या सह्यांनी तयार करा आणि त्यात विजेच्या, पाण्याच्या व हीटिंगच्या मीटरचे आकडे लिहा. भिंतीवरची प्रत्येक चीर, जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा फोटोसह नोंदवा, कारण निघताना अनामत त्यावरूनच कापली जाते किंवा सुटते. आणि पहिल्याच आठवड्यात दायित्व विमा घ्या, ज्यात भाड्याच्या घराचे नुकसान आणि हरवलेली किल्ली दोन्ही समाविष्ट असतील. सामायिक कुलूपयंत्रणेतील एक किल्ली हरवली तर साऱ्या इमारतीची कुलपे बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. घर सोडण्याची सूचना कधी द्यावी लागली तर ती कागदावर, स्वाक्षरीनिशी आणि महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोहोचेल अशी पाठवावी लागते. ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरची सूचना कायद्याने ग्राह्य धरली जात नाही.

घोडबंदरकर (ठाणे)

कळवण्यास आनंद होतो की डिट्सिंगेनच्या एका शाळेने पूर्वतयारीचा वर्ग असल्याचे उत्तर पाठवले आहे. कोर्नवेस्टहाइमच्या कंपनीने मुदतीची अट बदलण्यास नकार दिला, म्हणून ते घर आम्ही सोडले. वडीलधाऱ्यांना दोन आठवडे आणि दोन वर्षे यांचा हिशेब मांडून दाखवल्यावर त्यांचीही समजूत पटली. आता डिट्सिंगेनमध्येच चार महिन्यांसाठी सामानासह घर बघत आहोत. एका मालकिणीने नोंदणीचा दाखला देण्याचे लेखी मान्य केले आहे आणि आमच्या कार्यालयातील एक सहकारी शनिवारी प्रत्यक्ष जाऊन घर पाहून येणार आहे. त्या घरात इंडक्शनची शेगडी आहे. इथून प्रेशर कुकर न्यावा का?

पाचपाखाडी ते ब्योब्लिंगेन

ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापणार नाही. स्टीलचा, सपाट बुडाचा न्या आणि दुकानात बुडाला चुंबक चिकटतो का ते पाहूनच घ्या. तवाही त्याच परीक्षेतून उतरलेला असू द्या. सहकाऱ्याला शनिवारी जाताना टपालपेटीवर दुसरे नाव लावायला जागा आहे का, हेही पाहायला सांगा.